परत द्यायला नेलेलं लेकरू

माझी मुलगी नऊ दिवसांची झाली त्या सकाळी मला कळलं, की ती माझी नाही.

वाटलं असं मी मुद्दामच म्हणत नाही. वाटलेलं पुसता येतं. हे कळणं होतं, खिचडी करपली की दुसऱ्या खोलीतूनही कळतं तसं. आईनं तिला न्हाऊ घातलं, ओव्याची धुरी दिली, फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. मी तिच्या टाळूचा वास घेतला. आदल्या दिवसापर्यंत तिथं तेलाचा आणि दुधाचा वास होता. त्या सकाळी तिथं दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा वास आला. परगावी मुक्काम केला की तिथल्या पांघरुणाला येतो तसला.

मी आईला विचारलं, "हिला कुणी उचलून नेलतं का?"

"कुणी न्हाई. का गं?"

"काही नाही."

बाळंतपणासाठी मी नांदेडहून लातूरला माहेरी आले होते. नवरा नांदेडलाच, नोकरीवर. मीही तिथं एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम करते. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, दुकानांची पत्रकं. आमच्या कामात एका आकड्याची चूक ही रोजची गोष्ट. मोबाइल नंबरातल्या सहाचा नऊ होतो आणि सगळ्या पत्रिका कुणा तिसऱ्याच माणसाचा नंबर घेऊन गावोगाव जातात. चूक शोधायची नजर मला कामानं दिली होती आणि आता तीच नजर मांडीवरच्या लेकरावरून फिरायला लागली.

दवाखान्यातून निघताना तिच्या मनगटाला प्लास्टिकची पट्टी होती, नंबर लिहिलेली. आईनं ती कापून ठेवली होती. मी ती मागून घेतली आणि सुटीच्या कार्डाशी ताडून पाहिली. नंबर जुळत होता. दिवसातून चार-पाच वेळा मी ते पाहायची, दर वेळी जुळायचा. पण नंबर जुळल्यानं काय होतं? पट्टी बांधणाऱ्यानं ती चुकीच्याच मनगटाला बांधली असेल तर नंबर बरोबरच निघणार.

आमच्या घराची मागची खोली मला दिली होती. वारं लागू नये म्हणून आईनं खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. माझ्या कानांत कापूस, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, बाजेखाली शेगडी. बाहेर वैशाख. वडील आणि भाऊ दुकानात असायचे, वैनी स्वयंपाकघरात. दुपारी बाराच्या सुमाराला घर शांत व्हायचं आणि मग मला ते रडणं ऐकू यायचं.

लेकराचं रडणं. माझ्या समोरचं लेकरू झोपलेलं असायचं, मुठी मिटून. रडणं लांबून यायचं, तीन-चार गल्ल्यांपलीकडून यावं तसं, आणि नेहमी एकाच दिशेनं, दवाखान्याच्या. मी कानातला कापूस काढून पाहायची. कापूस काढला की आवाज तेवढाच राहायचा. वाढत नव्हता, कमी होत नव्हता. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. त्याहून विचित्र गोष्ट दुसरी होती. ते रडणं सुरू झालं की माझा पान्हा वाहायचा. मांडीवरचं लेकरू रडलं तर काही व्हायचं नाही. ती तोंड लावून ओढत राहायची, चिडायची, आणि मी भिंतीकडं बघत बसायची. लांबचं रडलं की माझं लुगडं भिजायचं.

मी वैनीला विचारलं, "मागच्या गल्लीत कुणाला लेकरू झालंय का?"

"मागं तर गोदाम हाय. तिथं कोण राहतंय?"

तेराव्या दिवशी आमचे स्वामी आले. आम्ही लिंगायत. लेकराला लिंगधारण करतात, तसं त्यांनी केलं. लहानसं लिंग कापडात बांधून तिच्या गळ्यात घातलं, कपाळाला विभूती लावली. सगळे पाया पडले. मला मनातून हसू येत होतं. चुकीच्या लेकराला बांधलं, असं मी म्हणत होते, आणि हसू दाबायला पदर तोंडात धरला होता. आईनं ते पाहिलं. तिला वाटलं मी रडतेय.

झोप नव्हतीच. डोळे मिटले तरी मी जागी असायची. न्हाणीत सिमेंटचा हौद होता, काठोकाठ भरलेला. लेकराला घेऊन त्याच्याजवळून जायची वेळ आली की मी दोन्ही हात छातीशी आवळून धरायची आणि भिंतीला चिकटून जायची. माझे हात माझे राहणार नाहीत, अशी भीती वाटायची. हे मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याचा रोज फोन यायचा.

"बरी आहेस ना?"

"हाव."

"आणि छकुली?"

"ती पण."

"फोटो पाठव की."

मी फोटो पाठवायची आणि तो बघून काही ओळखतो का याची वाट बघायची. तो बदामाचं चिन्ह पाठवायचा.

एके दिवशी मी आईला सरळच विचारलं. ती शेगडीत निखारे घालत होती.

"आई, हे लेकरू आपलं न्हाई. दवाखान्यात बदललंय."

आईच्या हातातला चिमटा खाली पडला. ती उठली, दार लावलं, आणि दबक्या आवाजात म्हणाली, "असलं तोंडातून काढू न्हाई. कुणी ऐकलं तर?"

"माझं तिकडं रडून राहिलंय. मला ऐकू येतं."

आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं माझी दृष्ट काढली, ऊद जाळला, खिडकीतल्या चिंध्या काढून आणखी घट्ट कोंबल्या. वैनीला सांगताना मी ऐकलं, "वारं लागलंय तिला. बाहेरचं."

एकविसाव्या दिवशी दुपारी आई जेवून आडवी झाली. वैनी न्हाणीत कपडे धूत होती. रडणं सुरू झालं. त्या दिवशी ते थांबेचना. मी रुमाल सोडला, कापूस काढला, लेकराला फडक्यात गुंडाळलं, पट्टी आणि कार्ड कमरेला खोचलं आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. उंबरा ओलांडताना मी क्षणभर थांबले होते, हे आठवतं. मग डोळ्यांवर ऊन आलं.

रिक्षावाल्यानं विचारलं, "लस द्यायचीय का ताई?"

"नाही. परत द्यायचंय."

त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. त्यानं रिक्षा चालू केली.

दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर लांब व्हरांडा आहे. भिंतीला टेकून सिमेंटचे कट्टे. दुपारची वेळ, गर्दी थोडी पांगलेली. कुणाकडं जायचं, काय म्हणायचं, हे मी रिक्षात ठरवलं होतं आणि तिथं पोचल्यावर सगळं विसरले. मी एका कट्ट्यावर बसले. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, काळ्या बुरख्यातली, चेहरा उघडा. माझ्यापेक्षा लहान असावी. तिच्या मांडीवर लेकरू होतं आणि ते रडत होतं.

तोच आवाज होता.

घरी यायचा त्याच उंचीचा, त्याच जागी तुटणारा. माझा पान्हा सुटला. मी त्या लेकराकडं बघत राहिले, आणि ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या मांडीकडं. मग ती वाकून हळूच म्हणाली,

"तुमकू भी दूसरे का दिये क्या?"

तिच्या आवाजात नवल नव्हतं. बस कुठली म्हणून विचारावं तसं विचारलं तिनं.

"हाव," मी म्हणाले.

"मेरेकू बेटी हुई थी. मैं अपने कान से सुनी. बाद में सब लोगां बेटा बोलरे. मिठाई बाट दिये. मेरी कोई नई सुनता."

"कधी झालं तुमचं?"

तिनं तारीख सांगितली. माझ्या बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशीची. एका आकड्याचा फरक. आमच्या कामात एवढा फरक म्हणजे काहीच नाही.

ती औशाहून आली होती, सासूबरोबर. सासू औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होती. तिनं हे सांगितलं, आणि आम्ही दोघीही रांगेच्या दिशेनं पाहिलं. पुढं काय करायचं हे आम्हां दोघींनाही विचारावं लागलं नाही. तिनं हात पुढं केले. मीही केले. आधी तिनं माझी मुलगी घेतली, मग मी तिचा मुलगा घेतला. हे इतकं सहज झालं की समोर झाडू मारणारीनं मानसुद्धा वर केली नाही.

मुलगा वजनाला जड होता. माझ्याकडं येताच रडायचा थांबला. मी डोळे मिटून त्याच्या टाळूला नाक लावलं. आता सापडलं, असं मी मनात म्हणत होते. सापडलं, सापडलं.

तोच वास आला. दुसऱ्याच्या पांघरुणाचा.

हेही माझं नव्हतं.

मी डोळे उघडले तेव्हा ती बाई उठली होती. माझ्या मुलीला छातीशी धरून फाटकाकडं चालली होती. पावलं घाईची नव्हती. पाठ ताठ, डोकं खाली, घरी निघालेल्या बाईसारखी. तिला हाक मारायला हवी, हे मला समजत होतं. मी मारली नाही. आणि मला हलकं वाटलं. डोक्यावरची घागर कुणीतरी उतरवून घेतल्यावर मानेला वाटतं तेवढं हलकं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

तेवढ्यात तिची सासू औषधाची बाटली घेऊन आली. कट्ट्यावर सून नाही, आणि नातू एका अनोळखी हिंदू बाईच्या मांडीवर. ती किंचाळली.

"मेरा पोता! ये कौन है? मेरा पोता लेको बैठी!"

एका क्षणात माणसं जमली. कुणीतरी माझा दंड धरला. सासूनं मुलगा ओढून घेतला आणि दुसऱ्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. "लेकरू चोरायला आलती," असं कुणी तरी म्हणालं, आणि ते शब्द व्हरांड्यात पुढं पुढं गेले. दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले. मी कुणाकडंही बघत नव्हते. माझा दंड दुखत होता, तोही लांब कुणाचा तरी असल्यासारखा.

गर्दी बाजूला सारत वॉर्डातल्या सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केस पांढरे झालेले. त्यांनी आधी मोबाइल खाली करायला लावले. मग माझ्या भिजलेल्या पोलक्याकडं पाहिलं, माझ्या पायांकडं पाहिलं. मी अनवाणी आले होते, हे मलाही तेव्हाच कळलं.

"बाई, तुम्ही ओली बाळंतीण हायत. तुमचं लेकरू कुठंय?"

मी फाटकाकडं बोट केलं.

त्या धावल्या. त्या वयात, त्या शरीरानं, चपला टाकून धावल्या.

ती बाई फाटकाबाहेर रसवंतीच्या गाडीजवळ उन्हात उभी होती. पुढं गेलीच नव्हती. सिस्टर म्हणाल्या की ती लेकराच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, आणि त्यांना पाहून एवढंच म्हणाली, "ये भी नई है."

सिस्टरांनी आम्हां दोघींना दूध पाजायच्या खोलीत नेलं. दोन्ही लेकरं सासूच्या आणि एका आयाच्या हातात. सासूला आता काही तरी उमजायला लागलं होतं. ती सुनेच्या तोंडाकडं बघत होती. सिस्टरांनी दार लोटलं, पंखा मोठा केला, आम्हांला पाणी दिलं. मग स्टूल ओढून आमच्यासमोर बसल्या.

"किती दिवस झाले झोप न्हाई?"

ती म्हणाली, "याद नई."

मी म्हणाले, "बारा दिवस. जास्त असतील."

"लेकराला काही करावं, असं मनात येतं का?"

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात विचारलं. लातुरात, माझ्या घरात, एकवीस दिवसांत मला शंभर गोष्टी विचारल्या गेल्या होत्या. डिंकाचा लाडू खाल्ला का, पोट साफ झालं का, लेकरू कुणावर गेलं. हे कुणीही विचारलं नव्हतं. मी हौदाचं सांगितलं. हात माझे राहणार नाहीत असं वाटतं, हेही सांगितलं. माझा आवाज मला रेडिओतून आल्यासारखा ऐकू येत होता. सिस्टर दचकल्या नाहीत. शेजारची बाई रडायला लागली, कारण तिच्याकडं हौद नव्हता, गच्ची होती.

"मी देगलूरची," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडं तेलुगूवाले म्हणतात गालि लागली. कन्नडवाले म्हणतात गाळी. तुमच्यात वारं. यांच्यात हवा. सगळ्यांचं एकच. मी हितं नोकरीला लागल्यापास्नं बघून राहिलेय. तांड्यावरची बाई येती, मास्तरीण येती, गुरुद्वाऱ्याकडची एक नांदेडहून आलती. तिनं आठ दिवस लेकराकडं बघितलंच न्हाई. वारं न्हाई हे. आजार हाय. बाळंतिणीचा आजार. याचे डॉक्टर हायत, वरच्या मजल्यावर. आत्ता जायचं."

"पागलों के डॉक्टर?" सून म्हणाली.

तेव्हा सासू पुढं आली. ती सुनेशेजारी बसली आणि आमच्या कुणाकडं न बघता बोलायला लागली.

"मेरी देवरानी बावली में गई. चालीस दिन बी नई हुए थे उसकू. सब बोले, हवा थी. मैं बी बोली. बीस बरस सोची मैं. हवा कू बावली का रस्ता कौन दिखाया? हम दिखाये, अकेली छोड को." विहिरीत गेलेल्या जावेचं एवढं सांगून ती सिस्टरांना म्हणाली, "पागलों का होंदे, किसका बी होंदे. चलो. दूसरी नई जाने देती मैं."

आणि उठताना तिनं माझाही हात धरला. त्याच हातानं तिनं मला मारलं होतं. तळवा खरखरीत आणि गरम होता. "तू बी चल," ती म्हणाली.

सिस्टरांनी माझ्याकडून नंबर घेऊन घरी फोन केला होता. आई आणि वैनी जिन्यातच भेटल्या. आईचा पदर उलटा होता, कुंकू पसरलेलं. तिनं आयाकडून लेकरू घेतलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "चल घरी."

सिस्टर म्हणाल्या, "आधी डॉक्टर."

"कसला डॉक्टर? आमच्या घरात कुणी वेडं न्हाई. स्वामींना बोलावते मी. उतरंल वारं."

माझी आई कधी कुणाशी वरच्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशी जिन्यात तिचा आवाज घुमत होता. लाज आणि भीती यांत फरक करणं अवघड असतं. मला तेव्हा ती फक्त लाजच वाटली. सासूनं नातू वैनीच्या हातात दिला, अगदी ओळख असल्यासारखा, आणि आईसमोर उभी राहिली.

"बाई, तुमच्या स्वामीला बी बुलाव. मैं बी पीर कू जाती. उसकी मना नई. मगर पहले ये गोली. मेरी एक गई, तुमची जाने देव नको."

आई तिच्याकडं बघत राहिली. मग जिन्याच्या पायरीवरच बसली, लेकरू मांडीवर घेऊन. किती वेळ बसली होती मला सांगता येणार नाही. वैनीच्या हातातला मुलगा रडायला लागला. मला तो ऐकू येत होता, आणि त्याच वेळी लांबून दुसरं एक रडणंही ऐकू येत होतं. दोन्ही एका सुरात.

आई उठली. "किती मजले?" तिनं विचारलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आम्हां दोघींशी वेगवेगळं, शांतपणे बोलून घेतलं. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. काही दिवस लेकरासोबत एकटं ठेवायचं नाही, झोप ही औषधाइतकीच मोठी, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा यायचंच, असं आईला बजावलं. आईनं मान डोलावली. तिनं कागद घडी घालून कमरेला लावला, स्वामींनी दिलेल्या विभूतीच्या पुडीशेजारी.

संध्याकाळी नवरा नांदेडहून आला. त्याला सगळं सांगितलं. मग बाजेच्या काठावर बसून त्यानं विचारलं, "म्हणजे आता तुला ही आपलीच वाटते ना?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "कागदावर आहे."

तो रडला नाही, रागावलाही नाही. त्यानं महिनाभराची रजा टाकली. लेकराला दूध पाजायला माझ्याकडं आणायचं, पाजून झालं की घेऊन जायचं, हे काम त्यानं, आईनं आणि वैनीनं वाटून घेतलं. मी झोपायची. पहिल्यांदा सलग पाच तास झोपून उठले तेव्हा खोली लहान दिसली. आईनं एक दिवस न बोलता खिडकीतल्या चिंध्या काढल्या. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

रडणं लगेच गेलं नाही. ते लांब जात गेलं. आधी गोदामापलीकडून यायचं, मग रस्त्यापलीकडून, मग कुठून तरी शेतांतून यावं तसं. रोज दुपारी मी कान देऊन बसायची. दोन महिने होत आले तेव्हा एका दुपारी ते आलंच नाही. मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी रडले, घरात कुणी गेल्यावर रडतात तशी, ऊर बडवून. आई धावत आली, तिला वाटलं पुन्हा उलटलं. कसं सांगणार? माझं एक लेकरू तिकडं कुठं तरी रडून रडून गप्प झालं होतं, आणि त्याला कुणीच घेतलं नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, हे बरं व्हायचं लक्षण आहे. असेल. पण बरं वाटायच्या आधी मला ते दुःख काढावं लागलं, आणि त्या दुःखाला घरात नाव नव्हतं.

मुलगी माझी कधी झाली, तो दिवस मला माहीत नाही. नांदेडला परत आल्यावर, कामावर जायला लागल्यावर, छापखान्यातल्या एका बाईनं मोबाइलमधला फोटो बघून विचारलं, "कुणावर गेलीय ही?" मी मजकूर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्यावर." बोलून झाल्यावर मी थांबले. पडद्यावरचा मजकूर काही वेळ दिसेना.

औशाच्या त्या बाईशी माझं फोनवर बोलणं चालू राहिलं. तिला बरं व्हायला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले. मुलगा झाल्याच्या आनंदात असलेल्या घरात ती मुलीसाठी रडायची, आणि ते कुणालाच समजायचं नाही. मला समजायचं. आम्ही जास्त बोलायचो नाही. "नींद आरी?" ती विचारायची. "येते. तुम्हाला?" "आरी." तेवढं पुरायचं. व्हरांड्यातल्या त्या पाच मिनिटांबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

गेल्या वर्षी तिला दुसरं लेकरू झालं. मुलगी. दहाव्या दिवशी सासूचा फोन आला. डॉक्टरांकडं नेऊन आणलंय, गोळ्या सुरू केल्यात, पण ती तुमचं नाव घेतेय. मी मुलीला नवऱ्याजवळ ठेवलं आणि सकाळच्या बसनं निघाले. लातूरला बस बदलली. औशाला पोचले तेव्हा दुपार झाली होती. तिचं घर मी पहिल्यांदाच पाहत होते. लांबट खोली, निळा रंग, कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर झाकण. सासूनं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि दाराशीच बसून राहिली. सुनेला एकटं ठेवायचं नाही, म्हणून.

ती खाटेवर बसली होती, भिंतीकडं पाठ करून. लेकरू शेजारी झोपलेलं. मला बघून तिला आनंद झाला असावा. तिनं हात पुढं केला, मी तो धरला. हात बर्फासारखा गार होता, त्या उकाड्यात.

"दवा लेरी हूँ मैं," ती म्हणाली.

"चांगलं."

"पैचानी हूँ बच्ची कू. इस बार पैचानी. अपनीच है."

"मग?"

ती माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होती. तिचे डोळे हळूहळू सरकत होते, तिथून कुणी चालत जावं आणि त्याच्याकडं बघत राहावं तसे.

"तुमारे पीछे कौन खडी है?"

मला माहीत होतं, मागं भिंत आहे आणि मशीन आहे. कुणी नाही, असं तिला ठामपणे सांगायचं, हेही मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला एकेकाळी तसंच सांगितलं होतं. तरी माझ्या मानेवर काटा आला. मी मागं वळून पाहिलं. खरंच पाहिलं, चांगलं निरखून, कोपऱ्यापर्यंत.

मग तिच्याकडं वळले.

"कुणी नाही," मी म्हणाले. "मी आहे. आणि अम्मी दाराशी आहे."

तिनं दाराकडं पाहिलं. सासूनं तिथूनच हात हलवला. ती थोडा वेळ आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिली, मग खाटेवर सरकून तिनं माझ्यासाठी जागा केली. मी तिथं सहा दिवस राहिले.